उरलेल्या गोळ्यांचे फडताळ

पहिल्या पावसाने गिरणेचे पाणी गढूळले की आमच्या जळगावात दरवर्षी तोच प्रकार सुरू होतो: रक्ताचे कल्चर (रक्तातले जिवाणू वाढवून पाहणे) न करता केवळ विडाल चाचणीवर (रक्तातली प्रतिपिंडे पाहणाऱ्या, चकवू शकणाऱ्या तपासणीवर) टायफॉइड ठरवायचा, मेडिकलमधून चिठ्ठीविना अँटिबायोटिक आणायचे आणि ताप उतरताच उरलेल्या गोळ्या फडताळात जपून ठेवायच्या (शेजाऱ्यांच्या कामी येतात म्हणे!). अशा बेताल वापराने जिवाणू औषधांना सरावतात: टायफॉइडवर एके काळी हुकमी असलेले क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक १९७२ मध्येच केरळात निष्प्रभ ठरू लागले, पुढे सिप्रोफ्लॉक्सासिन या औषधाची तीच गत झाली, आणि पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेल्या टायफॉइडच्या जिवाणूपुढे सेफ्ट्रिॲक्सोनचे इंजेक्शनही चालत नाही. तरीही आमचे काका परवा अभिमानाने म्हणाले, "तीन गोळ्यांत बरा झालो रे, बाकीच्या तुझ्यासाठी ठेवल्या आहेत."