एक कोटीवरचे तारांकन

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत स्मार्टफोन पोचला आहे, पाऊस अजूनही मनाला येईल तसा पडतो आणि शेतमालाचा भाव कोणाच्याच हातात नाही; म्हणजे काळजी येथे बारमाही पिकते, आणि तरीही आपल्या आयुर्विम्याच्या जाहिरातीवर लोक बोट न लावता पुढे सरकतात, ही आपल्या जाहिरात विभागाची तक्रार समजण्यासारखी आहे. दोष लोकांचा नाही. आपली जाहिरात अजून थोडीफार प्रामाणिक राहिली आहे, एवढेच.

चित्रापासून सुरुवात करू. पांढऱ्या सोफ्यावर बसलेले हसरे आईवडील, दोन गोरी मुले आणि पायाशी एक केसाळ कुत्रा, हे चित्र कृपया बदलू नये. परभणीच्या मोंढ्यात सोयाबीनच्या ढिगाशेजारी सौद्याची वाट पाहत बसलेल्या माणसाला ते कुटुंब आपले वाटत नाही, हे खरे. पण त्याने फक्त ‘एक कोटीचे संरक्षण, महिन्याला अवघे पाचशे रुपये’ एवढे वाचले की पुरे. पाचशेच्या डोक्यावर तारांकन अवश्य द्यावे. ते न देणे नियमांत बसत नाही आणि ठळक देणे धंद्यात बसत नाही. हा दर विशीतल्या, निरोगी आणि तंबाखू न खाणाऱ्या व्यक्तीसाठी आहे, हा खुलासा पानाच्या तळाशी इतक्या फिकट अक्षरांत असावा की तो वाचण्यासाठी उन्हातून सावलीत जावे लागेल. सावलीत जाईपर्यंत माणसाचा मोबाइल क्रमांक आपल्याकडे आलेला असतो.

तंबाखूवर थोडे थांबले पाहिजे, कारण आपला सगळा डोलारा त्या एका प्रश्नावर उभा आहे. कॉल सेंटरमधील मुलगी विचारते, “काका, तंबाखू, गुटखा वगैरे?” काका डाव्या तळहातावर चुना लावून मळत असतात, ते शांतपणे सांगतात, “नाही, आत्ताच थुंकलो. बोला तुम्ही.” हे उत्तर विनाविलंब ‘नाही’ या रकान्यात नोंदवावे. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर तिच्यावर कोणत्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही. त्याआधी मात्र महत्त्वाची माहिती दडवल्याचे कारण दाखवून दावा नाकारता येतो. म्हणजे त्या ‘नाही’ची किंमत आज कोणालाच मोजावी लागत नाही. ती मोजायची वेळ आलीच तर काका हयात नसतील, काकूंना तंबाखूचा रकाना असतो हेच ठाऊक नसेल, आणि जाहिरात विभागाच्या मासिक उद्दिष्टात काकूंचा समावेश नाही.

अर्जातील प्रश्नांचा क्रमही विचारपूर्वक ठरवावा. मोबाइल क्रमांक आधी, दर नंतर, आणि उत्पन्नाचा पुरावा सर्वांत शेवटी. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसल्यामुळे पुष्कळांकडे विवरणपत्र नसते, पगारपत्रक तर नसतेच, आणि या दोन्हींवाचून मोठ्या रकमेचा मुदत विमा (ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) सहसा मिळत नाही. हे पहिल्याच पानावर सांगितले तर माणूस उगीच लवकर मोकळा होईल.

क्रमांक हाती आल्यावर फोन मिनिटभरात गेला पाहिजे. २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षे राज्यात एका रुपयात पीक विमा मिळत होता, तेव्हा पावसाने रान वाहून गेले तर शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत ॲपवर कळवावे, असा दंडक होता. घाई नेमकी कोणाला किती असावी याचे भान आपल्या क्षेत्राला आहे, ते असे. घाईवरून आठवले: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरील जीएसटी शून्य झाला आहे आणि त्याला शेवटची तारीख दिलेली नाही. आपण ती द्यावी. ‘आज रात्री बारापर्यंतच’ असे उलटे चालणारे घड्याळ लावावे; पान पुन्हा उघडले की ते पहिल्यापासून सुरू होते, हे आपला गिऱ्हाईक मनावर घेत नाही.

यापुढे कल्पना सुचेनाशा झाल्या तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे वळावे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांनी ग्राहकाला फसवणाऱ्या ‘डार्क पॅटर्न’चे तेरा प्रकार उदाहरणांसह जाहीर केले. हेतू बंदीचा होता, पण इतका नेटका अभ्यासक्रम फुकट कोण देतो? विमानाच्या तिकिटासोबतचा विमा नाकारणाऱ्याला ‘मी असुरक्षित राहीन’ अशा अर्थाचे वाक्य दाखवून ओशाळवायचे, हा नमुना तर त्यांनी खास आपल्याच मालावरून घेतला आहे.

एक पथ्य मात्र कडकपणे पाळावे. बँकेच्या खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापून दोन लाखांचा जीवन विमा मिळतो आणि २० रुपयांत तेवढ्याच रकमेचा अपघात विमा मिळतो, याचा उच्चार आपल्या पानावर चुकूनही होऊ नये. वीस रुपयांत सोफा येत नाही, कुत्रा तर नाहीच.

राहता राहिले विमा लोकपाल. मराठवाड्यातील दावेदाराला पुण्याच्या कार्यालयात एक पैसाही शुल्क न भरता दाद मागता येते; कंपनीने नकार दिल्यापासून वर्षभराची मुदत असते. हा पत्ता जाहिरातीत कोठे छापावा, असा प्रश्न आपल्याला पडला नसेलच. तरी एखाद्या काकूंनी तो शोधून काढलाच, तर घाबरून जाऊ नये: लोकपालांना जास्तीत जास्त ५० लाखांपर्यंतचीच भरपाई देता येते, आणि आपण मोठ्या मनाने पूर्ण एक कोटी विकत आहात.