इन्फ्रारेड सेन्सर कुठलेही प्रथिन ओळखतो? खुलासा

“इन्फ्रारेड बायोसेन्सरवर रक्ताचा थेंब टाकला की त्यात कोणते प्रथिन आहे ते लगेच कळते, अँटिबॉडीही लागत नाही,” असा दावा फिरतो आहे. तो चुकीचा आहे. असा सेन्सर नमुना कोणता इन्फ्रारेड (अवरक्त) प्रकाश शोषतो ते मोजतो; अँटिबॉडी म्हणजे ठरावीक प्रथिनालाच चिकटणारा रेणू.

प्रथिनांचा ठळक शोषण-पट्टा, अमाइड-१, १६०० ते १७०० प्रति सेंटीमीटर या तरंगसंख्येत (एका सेंटीमीटरात मावणाऱ्या लहरींची संख्या) दिसतो. पण ती पेप्टाइड बंधाची, म्हणजे अमिनो आम्ले जोडणाऱ्या दुव्याची खूण, आणि या दुव्यांचा कणा सगळ्याच प्रथिनांत सारखा. पट्ट्याच्या आकारावरून फार तर घडण कळते, नाव नाही. नेमके प्रथिन पकडते ती पृष्ठभागावर बसवलेली अँटिबॉडी. अशा सेन्सरबद्दल ‘लेबल लागत नाही’ म्हणतात, त्याचा अर्थ चकाकणारा रंग जोडावा लागत नाही, एवढेच.

शिवाय पाण्याचे शोषण १६४० च्या आसपास, नेमके त्याच जागी. म्हणून द्रवाचा थर १० मायक्रोमीटरपेक्षा पातळ ठेवतात, किंवा एटीआर स्फटिक (प्रकाश आतल्या आत परावर्तित करणारा) वापरतात. त्यात प्रकाश द्रवात जेमतेम मायक्रोमीटरभर शिरतो. आधी नुसते बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण) सोडून आधाररेषा (नमुन्याआधीचा सिग्नल) स्थिर होऊ द्यायची, मग नमुना, मग पुन्हा बफरने धुवायचे. धुतल्यावरही सिग्नल उरला, तरी घाई नको. रक्तातले अल्ब्युमिन रिकाम्या जागी चिकटून तसाच पट्टा देते. अँटिबॉडी नसलेली तुलनेची वाहिनी शेजारी हवीच.