पाच वर्षांखालचं मूल आणि ताबा

घटस्फोटानंतर मूल कुणाकडे राहतं, यावरच्या एका लेखात ‘पाच वर्षांखालचं मूल आईकडेच राहतं’ असं ठामपणे म्हटलंय, पण ते इतकं सरळ नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व (म्हणजे सज्ञान नसणं) व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये आईला झुकतं माप आहे, हमी नाही. कलम १३ प्रमाणे मुलाचं हित सर्वांत वर.

संमतीने घटस्फोट घेणाऱ्यांनो, अर्जात ‘वडील सोयीनुसार भेटतील’ एवढ्यावर सही करू नका. सोय कुणाची? दिवाळीचे कोणते दिवस, मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, फी कोण भरणार, आजी-आजोबांकडे कधी जायचं, सगळं लिहून घ्या. वकील कंटाळतात, कंटाळू देत! आणि परिस्थिती बदलली तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ताब्याचा आदेश बदलून मागता येतो, हेही लेखात यायला हवं होतं.