'आपल्या मातीशी ह्याचा काय संबंध?' : 'एक पुणेकर' यांना उत्तर

सप्रेम नमस्कार असं लिहिलं होतं. मग आपली प्रतिक्रिया पुन्हा एकदा वाचली आणि 'सप्रेम' खोडलं. तर, नमस्कार.

उत्तर प्रतिक्रियेखालीच देणार होतो, पण ते वाढत गेलं, म्हणून वेगळं टाकतोय. ज्यांनी मूळ भांडण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी कम्युनिटी रेडिओवर (म्हणजे आपल्या परिसरापुरत्या छोट्या रेडिओ केंद्रावर) शनिवारी रात्री लागणाऱ्या जॅझ आणि ब्लूजच्या, अमेरिकेतल्या काळ्या लोकांत जन्मलेल्या संगीताच्या, तासाबद्दल लिहिलं होतं, आणि एप्रिल-मेमध्ये बागेत किंवा एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर होणाऱ्या छोट्या मैफलींबद्दल. त्यावर 'एक पुणेकर' या नावानं आलेली तक्रार अशी: लेखात साल चुकलंय. कम्युनिटी रेडिओचे परवाने स्थानिक लोकांच्या आवाजासाठी असताना तिथला तास अमेरिकन तबकड्यांवर का घालवायचा? हे ऐकतं कोण, आकडा द्या. उघड्यावरच्या मैफलींचा शेजारपाजाऱ्यांना त्रास होतो. आणि शेवटी, एक ओळ मोकळी सोडून: "आपल्या मातीशी ह्याचा काय संबंध? चार रेकॉर्डी ऐकल्या की साहेब झाल्यासारखं वाटतं काही लोकांना."

आधी साल. विलिस कोनोव्हर या निवेदकाचा व्हॉइस ऑफ अमेरिकावरचा (अमेरिकन सरकारच्या परदेशांसाठीच्या रेडिओवरचा) जॅझचा कार्यक्रम 1955 मध्ये सुरू झाला, मी 1952 लिहिलं होतं. चूक माझी. दुरुस्त केली, आभारी आहे. पण चूक दाखवायचीसुद्धा एक रीत असते. 'लिहिण्याआधी गुगल तरी करायचं' हे वाक्य मी ओळखदेख नसलेल्या माणसाला लिहिणार नाही. तोंडावर तर नाहीच. टोपणनावाचा हा एक फायदा असतो खरा.

आता ती शेवटची ओळ. 'काही लोकांना' म्हणजे मलाच ना? मग सरळ 'तुम्हाला' लिहायचं होतं.

साहेब! माझे वडील खडकीच्या फॅक्टरीत फिटर होते. दोन खोल्या, सहा माणसं, आणि फळीवर मर्फीचा रेडिओ, त्यावर आईनं विणलेला रुमाल. वडिलांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यांना शॉर्टवेव्ह लागायचा तो बातम्यांसाठी. एका रात्री बीबीसी शोधताना काटा जरा पुढे सरकला आणि एक आवाज आला. खर्जातला, एकेक शब्द सुटा करून बोलणारा, जणू ऐकणाऱ्याला इंग्रजी धड येत नाही हे त्याला ठाऊकच आहे. ठाऊक होतंच. परदेशातल्या लोकांना कळावं म्हणून कोनोव्हर मुद्दाम सावकाश बोलायचा. मी आठवीत होतो. त्याचं निम्मं बोलणं डोक्यावरून जायचं, पण मधे जे वाजायचं ते थेट आत जायचं. तेही सलग नाही. आवाज यायचा, विरायचा, खरखरीत बुडायचा, पुन्हा वर यायचा. तुकडे जोडत ऐकायचं. वडील ओरडले की आवाज कमी करून रेडिओला कान लावून ऐकायचं. साहेब व्हायला ही फारच गैरसोयीची वाट होती, नाही का?

आणि गंमत ऐका. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यानं व्हॉइस ऑफ अमेरिकाला खुद्द अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठी प्रसारण करायला मनाई होती. कोनोव्हर 1996 मध्ये गेला. चाळीस वर्षं जगभर लोकांनी त्याला ऐकलं, आणि त्याच्या स्वतःच्या देशात त्याला ओळखणारे थोडेच. पोलंडमध्ये, रशियात आणि खडकीत हा माणूस घरचा, आणि न्यूयॉर्कमधल्या शेजाऱ्याला अनोळखी. मातीचा हिशेब मांडायचाच असेल तर हे कुठल्या रकान्यात टाकणार तुम्ही?

(आपणवरून तुम्हीवर आलो, माझ्याही लक्षात आलंय.)

बरं, आपली माती. पुणतांब्यात जन्मलेले, विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले सिनेसंगीतकार सी. रामचंद्र आपल्या मातीचे की नाहीत? त्यांच्या ऑर्केस्ट्रात ट्रंपेट वाजवणारा चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजवून तिथे पोचला होता. 1951 च्या 'अलबेला'त तर तो आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. ज्या चालींवर तुमच्या-माझ्या आधीच्या पिढीनं लग्नाच्या वरातीत धूळ उडवली, त्यांत जॅझ मुरलेला आहे, लोणच्यात मोहरी मुरते तसा. चव तोंडात घोळवायची आणि मोहरीला परकी म्हणायचं, हे काही मला जमत नाही.

आणि मातीच्या नावानं रेडिओवरून काय काय हद्दपार झालं तेही आठवा. ज्या पेटीशिवाय नाट्यसंगीताची कल्पना करवत नाही, तिला आकाशवाणीनं 1940 मध्ये दार बंद केलं. ते किलकिलं व्हायला 1971 उजाडलं. 1952 मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले, चांगला विद्वान मराठी माणूस, आणि त्यांनी सिनेमाची गाणी हलकी म्हणून छाटली. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. शेवटी 1957 मध्ये विविध भारती काढावी लागली. तुमचा सूर ऐकला आणि मला केसकर आठवले. त्यांचा व्यासंग तरी होता.

कष्टकऱ्यांचं म्हणाल तर, तुम्ही लिहिलंय की हा रेडिओ त्यांच्यासाठी आहे, गोऱ्यांच्या करमणुकीसाठी नाही. गोऱ्यांच्या? ब्लूज? अमेरिकेत आर्कान्सा राज्यात हेलेना नावाचं गाव आहे. तिथल्या स्थानिक केंद्रावर 1941 मध्ये दुपारचा पंधरा मिनिटांचा ब्लूजचा कार्यक्रम सुरू झाला. प्रायोजक कोण, तर पिठाची कंपनी. श्रोते कोण, तर कापसाच्या शेतात राबणारे काळे मजूर, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. नदीपलीकडे मिसिसिपीत एक तरुण मजूर तो कार्यक्रम ऐकायचा. पुढे तो मेम्फिसच्या एका केंद्रावर निवेदक झाला, टॉनिकच्या जाहिराती गायला लागला आणि बी. बी. किंग म्हणून जगाला माहीत झाला. स्थानिक रेडिओ म्हणजे याहून वेगळं काय असतं?

ब्लूज ऐकताना मला स्वतःला काय होतं तेही सांगतो. चार-चार मात्रांचे बारा बार, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. पहिली ओळ गायची, तीच किंचित वळवून पुन्हा गायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला जबाब द्यायचा. गंधार, म्हणजे 'ग', ना धड शुद्ध, ना धड कोमल, मधेच कुठेतरी मींडेत, सुरावरून सुरावर घसरताना, लोंबकळणारा. पहिल्यांदा नीट ऐकलं तेव्हा मला आजी आठवली. ती पहाटे जात्यावर बसायची, ओवीची ओळ घोळवायची, पुन्हा म्हणायची, आणि मग सासरच्या एखाद्या माणसाचा असा काही समाचार घ्यायची की मी गोधडीत हसायचो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी याच पुण्यात बसून लाखभर ओव्या जमवल्या. तिकडे लोकगीतं गोळा करत फिरणाऱ्या ॲलन लोमॅक्सनं मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगात जाऊन कैद्यांची कामाची गाणी मुद्रित केली. ओवी म्हणजे ब्लूज असं मी म्हणत नाहीये. (हे मुद्दाम लिहून ठेवतो, नाहीतर त्यावर आणखी एक प्रतिक्रिया येईल.) एवढंच म्हणतोय की हात कामात असताना तोंडानं मन मोकळं करणं मला कुणी परदेशातून शिकवायला आलेलं नव्हतं.

बाकीचे मुद्दे. कम्युनिटी रेडिओच्या धोरणानुसार निदान निम्मा मजकूर स्थानिक लोकांच्या सहभागातून यायला हवा, हे मला माहीत आहे. आठवड्यातून एक तास म्हणजे निम्मा आठवडा नव्हे. ऐकतं कोण? मी ऐकतो. आकडा माझ्याकडे नाही, आणि शंभर वॉटच्या प्रक्षेपणाचे श्रोते मोजायला कुणी फिरतही नाही. मी सिंहगड रोडला राहतो, तिथे अर्धा तास खरखरच असते, तरी ऐकतो. सवय जुनी आहे.

त्रासाचं म्हणाल तर आमचं सगळं दहाच्या आत आवरतं, नियमच आहे तसा. मागच्या मैफलीत पन्नास-साठ माणसं होती, त्यांतली दहा भेळ खायला आलेली. दोन छोटे स्पीकर होते. गणपतीत दहा दिवस भिंती हादरतात तेव्हा तुमची प्रतिक्रिया कुठे वाचायला मिळते, कळवाल का? जाऊ दे. हा मुद्दा नव्हे, मला कळतं.

त्या मैफलीला तुम्ही आला नव्हतात, हे तुमच्याच लिहिण्यावरून दिसतं. मे महिना, संध्याकाळचे सात, तरी खुर्ची हाताला गरम लागत होती. अशा हवेत वाद्यांची तोंडं दोन दिशांना होतात. सॅक्सोफोनच्या नळीतली हवा तापली की सूर चढतो, आणि गिटारच्या तारा तापून सैल झाल्या की सूर उतरतो. दोघं दर गाण्यानंतर एकमेकांना शोधत होते. सॅक्स वाजवणारा मुलगा दिवसा हिंजवडीत नोकरी करतो, ऑफिसची बॅग स्टँडला टेकवून वाजवत होता. तिसऱ्या गाण्यात वळीव आला. ड्रमवर ताडपत्री टाकली, लोक गुलमोहराखाली गेले, आणि त्या मुलानं तिथेच, माईकशिवाय, भिजत्या लोकांच्या मधे उभं राहून एक संथ ब्लूज वाजवला. माझ्या शेजारी एक आजी होत्या, नऊवारीतल्या, नातवाला आणायला आलेल्या. त्या म्हणाल्या, "रडतोय का हसतोय हा?" इतकी वर्षं मी या संगीतावर लिहितोय, पण इतकं नेमकं मला एकदाही लिहिता आलं नाही. त्या कुठल्या मातीच्या, हे मी त्यांना विचारलं नाही.

आपली प्रतिक्रिया उडवलेली नाही, उडवणारही नाही. 'जाझ'चं 'जॅझ' तेवढं करून घ्या.

ता. क. साल दुरुस्त करताना पाहिलं, त्याच परिच्छेदात मुंबईची पहिली 'जॅझ यात्रा', म्हणजे जॅझचा महोत्सव, 1978 ची लिहिली आहे. ती 1978 चीच आहे. शोधू नका.