स्पॅनिशचं सबजंक्टिव म्हणे 'पुस्तकी'!

स्पॅनिश शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड परत परत फिरतोय की सबजंक्टिवच्या (इच्छा, आज्ञा, शंका दाखवणाऱ्या क्रियापदाच्या रूपाच्या) नादी लागू नका, ते पुस्तकी आहे, फॉर्म्स ढीगभर पाठ करावे लागतात आणि चुकलं तरी समोरच्याला कळतंच. नवीन मुलं हे खरं मानून तो धडाच सोडून देतात, म्हणून लिहितेय.

पुस्तकी कसलं? स्पेनमध्ये जेवायला बसलेल्याला 'के आप्रोबेचे' म्हणतात, झोपायला निघालेल्याला 'के देस्कान्सेस', दोन्हीत सबजंक्टिवच आहे. 'नो कोमास एसो', म्हणजे 'ते खाऊ नकोस', हेही तेच, कारण तिथे 'नको'वाली आज्ञा सबजंक्टिवशिवाय होतच नाही.

फॉर्म्सचा ढीगबिग काही नाही. रेग्युलर व्हर्बचं 'मी'चं साधं रूप घ्या, शेवटचा ओ काढा आणि स्वर उलटे लावा, मूळ व्हर्ब -आरने संपत असेल तर ए, -एर किंवा -ईरने संपत असेल तर आ. आब्लार म्हणजे बोलणं, त्याचं आब्लो, मग आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन. कोमेर म्हणजे खाणं, त्याचं कोमा, कोमास, कोमा, कोमामोस, कोमाइस, कोमान, आणि बिबीर (जगणं) पण डिट्टो तसंच. लॅटिन अमेरिकेत ते 'तुम्ही'चं -इस वालं रूप बोलण्यात नसतंच, म्हणजे अजून एक कमी. 'मी'चं रूप ओ वर संपत नाही असे सहाच आहेत, सेर, इर, आबेर, साबेर, दार, एस्तार, तेवढे वेगळे पाठ करा.

आणि 'चुकलं तरी कळतं' हे तर सगळ्यात घातक. 'दीसे के कोमेस' म्हणजे ती म्हणते की तू खातोस, 'दीसे के कोमास' म्हणजे ती म्हणते की तू खा. एक स्वर बदलला की माहितीचा हुकूम होतो, मग समोरच्याने काय समजायचं?

खरं तर मराठी माणसाला याची भीती वाटायचं कारणच नाही. 'किएरो के कोमास' म्हणजे 'तू खावंस अशी माझी इच्छा आहे', ते 'खावंस' आपण रोज बोलतो, इंग्लिशमधून जुळवत बसलं की गोंधळ होतो. पण सगळीकडे हे चालत नाही हं, 'मला वाटत नाही' म्हणताना आपल्याकडे हे 'खावं'सारखं रूप येत नाही, तिथे नियमच लक्षात ठेवायचा: 'क्रेओ के कोमे' (मला वाटतं तो खातो) साधं, 'नो क्रेओ के कोमा' (मला नाही वाटत तो खातो) सबजंक्टिव.