न उघडलेलं पाकीट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नकोशा गोष्टींपासून मन स्वतःला कसं वाचवतं, म्हणजे मानसशास्त्रातल्या 'संरक्षण यंत्रणा', यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला आणि लगेच मनात आलं, 'यांनी लेख नीट वाचलेलाच नाही.' म्हणजे लेखाच्या विषयाचं प्रात्यक्षिकच झालं म्हणायचं. म्हणून एक दिवस जाऊ दिला आणि मग पुन्हा वाचली.

तुमचं म्हणणं असं : संरक्षण यंत्रणा हे पळपुटेपणाला दिलेलं गोंडस नाव आहे आणि तो पुढे भोवतोच, मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड कालबाह्य झाला, आणि 'वड्याचं तेल वांग्यावर' म्हणणाऱ्यांना 'विस्थापन' (एकावरचा राग दुसऱ्यावर निघणं) शिकवायची गरज नाही. शिवाय तुमच्या भावाचं उदाहरण. नोकरी गेल्यावर दोन महिने तो रोज सकाळी बॅग घेऊन बाहेर पडत राहिला, घरी कुणाला पत्ता लागू दिला नाही. हा 'नकार' वगैरे काही नव्हे, निव्वळ पळपुटेपणा, असं तुम्ही म्हणता.

म्हणीचा मुद्दा मला आवडला. पण म्हण आपण दुसऱ्याला ऐकवतो. साहेबांवरचा राग पोरावर काढणाऱ्याला त्या क्षणी खरोखर पोराचाच राग आलेला असतो, आणि ते त्याच्या लक्षात येत नाही, इथेच सगळी गोम आहे. आणि म्हण आहे म्हणून गोष्ट सिद्ध होते असंही नाही. १९९८मध्ये मानसशास्त्रज्ञ बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी या यंत्रणांबद्दलच्या तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा नकाराला (नकोशी गोष्ट मनाने मान्यच न करणं) चांगला पुरावा सापडला, विस्थापनाला फारसा नाही. दोनच वर्षांनी दुसऱ्या एका गटाने अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र केले आणि राग असा भलत्यावर निघतो असा निष्कर्ष काढला. तेव्हा म्हणीची अब्रू वाचली!

फ्रॉइडचं उत्तर यातच आलं. संरक्षण यंत्रणांची कल्पना त्याने १८९४मध्ये मांडली, त्याच्या मुलीने, ॲनाने, १९३६मध्ये ती नीट लावून दाखवली. पण पुढची तपासणी इतरांनी केली. फ्रॉइडचं बरंच काही मीही सोडून दिलंय. हे मात्र सोडवत नाही.

आता पळपुटेपणा. काही वर्षांपूर्वी माझ्या एका तपासणीचा रिपोर्ट पाकिटात बंद होऊन घरी आला. मी तो टेबलाच्या खणात ठेवला. पुढच्या चार दिवसांत तो खण मी दोनदा आवरला. सगळं बाहेर काढलं, खण पुसला, कागद आकाराप्रमाणे लावले आणि पाकीट परत तळाशी सरकवलं. कुणी विचारलं असतं तर 'वेळच झाला नाही' म्हटलं असतं, आणि ते मला खोटं वाटलं नसतं. पाकीट तिथे आहे हे ठाऊक होतं. मी ते टाळतेय हे नव्हतं. पाचव्या दिवशी उघडलं. काही निघालं नाही. निघालं असतं तर ते चार दिवस भोवले असते, हे तुमचं म्हणणं मान्य.

पण नकार प्रत्येक वेळी भोवतोच असं नाही. १९८७मध्ये हृदयरुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आजार मनावर न घेणारे रुग्ण अतिदक्षता विभागातून लवकर बाहेर पडले. मात्र घरी गेल्यावर वर्षभरात त्यांनीच डॉक्टरांचा सल्ला कमी पाळला आणि पुन्हा रुग्णालयात जास्त दिवसही त्यांनाच काढावे लागले. खाटेवर त्यांच्या हातात फारसं काही नव्हतं, घाबरून उपयोगही नव्हता. घरी गेल्यावर पथ्यपाणी त्यांनाच सांभाळायचं होतं. लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४मध्ये ताणाबद्दल मांडलं तेही याच वळणाचं आहे : करण्याजोगं काही असेल तर प्रश्नाला हात घालायचा, नसेल तर निदान मन सावरायचं. लेखात मी 'नकार कधीकधी बरा' एवढंच लिहून मोकळी झाले. 'कधी' ते लिहायला हवं होतं.

आणखी एक चूक तुम्ही पकडलीत. दमन (नकोशी आठवण वा भावना मनाने आत दाबून टाकणं) आणि 'हे परीक्षेनंतर बघू' असं जाणूनबुजून बाजूला ठेवणं, दोन्ही मी एकाच पोत्यात भरली. पहिलं नकळत घडतं, दुसरं माणूस ठरवून करतो. मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट तर या दुसऱ्याला परिपक्व यंत्रणांमध्ये धरतात. तो परिच्छेद आज बदलते.

राहता राहिला तुमचा भाऊ. नोकरी गेली हे त्याला पुरतं ठाऊक होतं, त्याने ते तुमच्यापासून लपवलं. त्यामुळे तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून मी याला नकार म्हणणार नाही. इथे तुमचंच बरोबर. पण पळपुटा म्हणायलाही मन धजत नाही. ते दोन महिने तो दिवसभर कुठे बसायचा, हे त्याला कधी विचारलंत का?