आज ३१ मे, आणि पुलगावचं नाव कुठेच नाही

सकाळपासून फीडवर क्षेपणास्त्रांचे व्हिडिओ येताहेत, ड्रोन पाडल्याचे व्हिडिओ येताहेत. ७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूर सुरू झाल्यापासून हेच चाललंय आणि त्यात गैर काही नाही, अभिमान आपल्या सगळ्यांनाच आहे. पण दुपारचे तीन वाजले तरी एकाही पोस्टमध्ये पुलगाव हा शब्द दिसला नाही. म्हणून लिहितोय. लांबेल, पण वाचा.

३१ मे २०१६. मध्यरात्र उलटून गेल्यावर, एकच्या सुमारास, वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात एका शेडला आग लागली. आत रणगाडाविरोधी सुरुंग होते. डेपोच्या फायर ब्रिगेडची माणसं बंब घेऊन शेडच्या दिशेने गेली. आत काय ठेवलंय हे त्यांना ठाऊक होतं, तरी गेली. स्फोट झाला तेव्हा ती तिथेच होती. १९ जण गेले. त्यांत दोन अधिकारी, आणि बाकी बहुतेक आग विझवायला गेलेले. आगरगाव आणि आजूबाजूची गावं रातोरात रिकामी करावी लागली. आग मात्र त्या एका शेडपलीकडे गेली नाही. देशातल्या सगळ्यात मोठ्या दारूगोळा भांडारात ती दुसऱ्या शेडला लागली असती तर काय झालं असतं, याचा विचार विदर्भातल्या माणसाने तरी एकदा करून बघावा.

आता ही आग लागली कशी ते नीट समजून घ्या. सगळं उत्तरदायित्व तिथे अडकलंय.

सुरुंगात टीएनटी हा स्फोटक पदार्थ भरतात तो वितळवून, ओतून. शुद्ध टीएनटी ८०.८ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो, त्यामुळे विदर्भाच्या मे महिन्यातही तो घट्टच राहायला हवा. पण बनवताना नायट्रेशन, म्हणजे टोल्युइनवरची नायट्रिक आम्लाची प्रक्रिया, नीट पूर्ण झालं नाही किंवा नंतरची धुलाई कमी पडली, तर त्यात डायनायट्रोटोल्युइन आणि टीएनटीचीच इतर रूपं उरतात. या अशुद्धींचं टीएनटीबरोबर जे मिश्रण होतं ते फार कमी तापमानाला पातळ होतं. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले की ते तपकिरी, तेलकट द्रवासारखं बाहेर झिरपतं. गोठणबिंदू अर्ध्या-पाऊण अंशाने जरी खाली घसरला, तरी माल अशुद्ध आहे हे कारखान्यातल्या प्रयोगशाळेत कळतं. ही चाचणी जुनी आहे, स्वस्त आहे आणि तिला कसलंही परदेशी तंत्रज्ञान लागत नाही.

झिरपलेला द्रव आट्यांमध्ये जातो, झाकणाखाली जातो, लाकडी पेटीत मुरतो. लाकडात मुरलेला टीएनटी सुरुंगातल्या टीएनटीइतका शांत राहत नाही, तो पेटायला सोपा होतो. घर्षण वाढतं, धोका वाढतो. साफ करायला गेलं तर साबण-सोडा चालत नाही, कारण अल्कलीने टीएनटी आणखी संवेदनशील होतो. म्हणजे एकदा गळायला लागलेला सुरुंग बाजूला काढणं, वेगळ्या जागी नेणं आणि लवकरात लवकर नष्ट करणं, एवढंच हातात राहतं. त्याच्यावर पेट्या रचून उन्हाळा काढायचा नसतो.

आणि हे सुरुंग गळताहेत हे आगीनंतर कळलं असं नाही. आधी माहीत होतं. लष्कराने तक्रारी केल्या होत्या. कारखान्यांकडे, गुणवत्ता तपासणाऱ्यांकडे, मंत्रालयाकडे कागद फिरत होते. दुरुस्ती करायची की नष्ट करायचे, केले तर खर्च कुणाच्या डोक्यावर, यावर पत्रव्यवहार चालू होता. पत्रव्यवहार चालू असताना सुरुंग शेडमध्येच होते, आणि त्या रात्री ती माणसं त्याच शेडकडे गेली.

प्रत्येक पेटीवर लॉट नंबर असतो. कुठल्या कारखान्यात भरलं, कुठल्या महिन्यात, कुठल्या वर्षी, सगळं त्यावरून काढता येतं. कुणी तपासलं, कुणी पास केलं, त्याचे कागद त्याच नंबरखाली फाइलला असतात. प्रत्येक लॉटमधले नमुने काढून चाचणी होते, गोळे असतील तर इटारसीसारख्या ठिकाणी प्रत्यक्ष डागून बघतात. म्हणजे जबाबदार माणूस शोधता येत नाही हे कारण इथे चालतच नाही. भाजीवाल्याकडचं वांगं कुठल्या शेतातलं ते सांगता येणार नाही, पण सुरुंग कुठून आला ते तारखेसकट सांगता येतं. आज नऊ वर्षं झाली. त्या लॉटवर सही करणाऱ्यांपैकी कुणाला काय शिक्षा झाली, हे तुमच्यापैकी एकाने तरी कुठे वाचलंय का?

याचं कारण रचनेत आहे. तेव्हा सगळे आयुध कारखाने ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाखाली होते, आणि बोर्ड होतं संरक्षण मंत्रालयाच्या संरक्षण उत्पादन विभागाखाली. माल तपासणारं गुणवत्ता हमी महासंचालनालय कुणाखाली? त्याच विभागाखाली. बनवणारा आणि पास करणारा एकाच सचिवाला उत्तर देतात. वापरणारा जवान तिसरीकडे, त्याच्या हातात फक्त तक्रारीचा कागद. वर लष्कर कारखान्यांना जे पैसे द्यायचं ते संरक्षण खात्याच्याच बजेटमधले, एका हिशेबातून दुसऱ्या हिशेबात. खराब मालाचा फटका बनवणाऱ्याला बसायचाच नाही. माल परत आला तर दुरुस्तीचा खर्चही शेवटी सरकारच्याच खिशातून.

१ ऑक्टोबर २०२१ ला बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या केल्या. दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया आपल्या पुण्यात आहे, यंत्रा इंडिया नागपुरात. त्याने हिशेब जरा स्वच्छ झाला, मान्य, आता करार होतो, ताळेबंद दिसतो. पण मालक तोच, विभाग तोच, आणि तपासणारे अजूनही त्याच छपराखाली. उलट आता स्व-प्रमाणनाकडे ओढा वाढतोय, म्हणजे बनवणाऱ्यानेच लिहून द्यायचं की माल चांगला आहे. घड्याळाच्या पट्ट्याला ते चालेल. गोळ्याचा स्फोट घडवणाऱ्या फ्यूजला आणि सुरुंगाला चालणार नाही.

२०२० मध्ये लष्कराच्या अंतर्गत अहवालातला एक आकडा वर्तमानपत्रांत आला होता. २०१४ ते २०२० या काळात सदोष दारूगोळ्यापायी ९६० कोटी रुपयांचं नुकसान. त्याच अहवालात लिहिलं होतं की एवढ्या पैशात १५५ मिलिमीटरच्या १०० तोफा आल्या असत्या. आणि पुलगावनंतर नष्ट कराव्या लागलेल्या सुरुंगांची किंमत ३०३ कोटी. कारखान्यांची बाजूही आहे, ती सांगतो: तोफेच्या नळीत गोळा फुटला म्हणजे दोष दरवेळी गोळ्याचाच असतो असं नाही. झिजलेली नळी, नीट न झालेली देखभाल, डागताना चुकलेली ड्रिल, डेपोतली ओल, काहीही असू शकतं. बरोबर आहे. पण मग प्रत्येक अपघातात यांतलं नेमकं काय होतं ते लिहा आणि आम्हाला दाखवा.

दाखवायचं काम कॅगचं, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचं. दारूगोळ्यावर कॅगने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये अहवाल दिले. ४० दिवसांच्या तीव्र युद्धाला पुरेल इतका साठा हवा, असा तेव्हाचा नियम होता. सप्टेंबर २०१६ ची स्थिती बघितली तर १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा १० दिवसही पुरणारा नव्हता. सप्टेंबर २०१६ म्हणजे उरीच्या लष्करी तळावर दहशतवादी हल्ला झाला तो महिना, आणि पुलगाव होऊन चार महिनेही झाले नव्हते. सियाचेनचे बूट आठवतात? नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ नवे मल्टिपर्पज बूट मिळालेच नाहीत आणि जवानांनी जुनेच दुरुस्त करून वापरले, हेही कॅगनेच बाहेर काढलं.

हे अहवाल होतात कसे तेही बघा. लेखापरीक्षक डेपोत, कारखान्यात जाऊन कागद तपासतो. आक्षेप लिहितो. त्याचा मसुदा परिच्छेद होऊन मंत्रालयाच्या सचिवाकडे जातो, उत्तराला सहा आठवडे. मग अहवाल राष्ट्रपतींकडे, तिथून संसदेत, तिथून संसदेच्याच लोकलेखा समितीकडे. मंत्रालयाने काय कारवाई केली ते चार महिन्यांत कळवायचं असतं. या साखळीत सगळ्यात कमजोर कडी शेवटची. कारवाईच्या टिपणीत लिहिलं जातं की सूचना दिल्या आहेत, पुन्हा असं होणार नाही याची दक्षता घेण्यात येत आहे. नाव येत नाही, वसुली येत नाही. आणि गेली काही वर्षं संरक्षणाचे अहवाल कॅगच्या संकेतस्थळावर टाकत नाहीत. कारण दिलं जातं की शत्रू वाचेल. साठ्याचे नेमके आकडे शत्रूला कळू नयेत, हे मीही म्हणतो. पण गळका सुरुंग कुणी पास केला हे कळून शत्रूला काय मिळणार आहे? ते आगरगावच्या माणसाला कळायला हवं.

परवा, २९ मेला, हवाई दल प्रमुख ए. पी. सिंग दिल्लीत उद्योगपतींसमोर बोलले. एकही प्रकल्प वेळेवर पूर्ण झाल्याचं आठवत नाही, आणि करारावर सही करतानाच माहीत असतं की हे वेळेत येणार नाही, असं ते जाहीरपणे म्हणाले. गणवेशातल्या माणसाने हे उघड बोलायला धैर्य लागतं, त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. तेजस मार्क-१ए ची ८३ लढाऊ विमानं, फेब्रुवारी २०२१ चा करार, ४८ हजार कोटींच्या घरातला. पहिलं विमान मार्च २०२४ पर्यंत यायचं होतं, आज ३१ मे २०२५, अजून एकही नाही. इंजिनं अमेरिकेतून उशिरा आली हे खरंय. पण करारात दिरंगाईचा दंड असतो, साधारण आठवड्याला अर्धा टक्का आणि वर कमाल मर्यादा. मर्यादा गाठली की पुढच्या उशिराला किंमतच उरत नाही. आणि विकणारी कंपनी सरकारी असली की दंड एका सरकारी खिशातून दुसऱ्या सरकारी खिशात जातो.

तरी आपण दर दोन महिन्यांनी अमुक हजार कोटींच्या शस्त्रखरेदीला मंजुरी असा मथळा आला की शेअर करतो. ती खरेदी नसते हो. संरक्षण खरेदी परिषदेने फक्त गरज आहे एवढं मान्य केलेलं असतं. त्यानंतर निविदा, तांत्रिक छाननी, वाळवंटात आणि बर्फात चाचण्या, भावाची वाटाघाट, अर्थमान्यता, आणि मग करार. त्यात वर्षं जातात. २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६ लाख ८१ हजार कोटींचं. त्यातलं किती खर्च झालं यापेक्षा त्या पैशात आलेला माल पेटी उघडल्यावर कसा निघाला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

कारण पुलगाव संपलेलं नाही. २० नोव्हेंबर २०१८ ला तिथेच, सोनेगाव आबाजीजवळच्या मैदानावर, जुना दारूगोळा नष्ट करायला उतरवताना स्फोट झाला, सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले रोजंदारीवरचे मजूर होते. ज्या पेट्या प्रशिक्षित माणसाने मोजून, एकेक करून उतरवायच्या, त्या कंत्राटी मजुराच्या खांद्यावर. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या जवाहरनगर आयुध कारखान्यात स्फोट, आठ जण गेले. आठ घरं. टाइप करताना हात थांबतोय.

रागावून काही होत नाही हे मला कळतं. म्हणून एक करा. परवा सोमवारी केंद्र सरकारच्या आरटीआय पोर्टलवर १० रुपये भरून अर्ज टाका. डीआरडीओ, म्हणजे संरक्षण संशोधन संस्था, माहिती अधिकाराच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्यातून वगळलेल्या संस्थांच्या यादीत आहे, तिथे जाऊ नका. लष्कर आणि दारूगोळा कंपनी त्या अनुसूचीत नाहीत. साठा किती आहे हे विचारू नका, देशाच्या सुरक्षेचं कलम ८(१)(क) लावून अर्ज फेटाळतील आणि ते बरोबरच असेल. असं विचारा: २०१६ पासून वर्षनिहाय दारूगोळ्याच्या किती रुपयांच्या हानीला निर्लेखन मंजुरी (हिशेबातून काढून टाकण्याची परवानगी) मिळाली. त्यांपैकी किती प्रकरणांत दोष निश्चित झाला. किती जणांवर शिस्तभंगाची कारवाई झाली, फक्त संख्या. पुरवठादाराकडून किती वसूल झाले, फक्त रक्कम. काही भाग गुप्त असेल तर कलम १० खाली उरलेला भाग द्या, असंही लिहा. पोर्टलवर ३००० अक्षरांची मर्यादा आहे, तेवढ्यात बसतं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला शुल्क नाही.

आणि अर्जाच्या विषयात तारीख लिहा, ३१ मे २०१६. त्या रात्री बंब घेऊन गेलेल्या माणसांची तारीख निदान एका सरकारी रजिस्टरमध्ये पुन्हा एकदा चढू दे.